झुंबरअक्काचा पाण्याचा कायदा

गिरधरशेठच्या डाळ मिलमध्ये दोन कायदे चालत. एक शेठचा, तो दर आठवड्याला बदलायचा. दुसरा झुंबरअक्काचा, तो कधीच बदलत नसे. शेठचा कायदा कोणी मोडला तर शेठ थोडा वेळ आरडाओरडा करायचा आणि चहा मागवायचा. झुंबरअक्काचा कायदा मोडायची मात्र कोणाची छाती नव्हती.

कायदा साधा होता. सकाळी घरून निघताना काय पाणी प्यायचं ते पिऊन घ्या. एकदा कामावर बसलं की पाण्याला हात लावायचा नाही. जेवताना घास अडकलाच तर घोटभर, तेही अक्काची पाठ असेल तर. बाकीची तहान संध्याकाळी घरी जाऊन भागवा. आणि हे कुठे, तर जळगावात, जिथे वैशाखात डांबरी रस्त्याला चप्पल चिकटते.

ऐकणाऱ्याला वाटेल, काय खाष्ट बाई. खाष्ट ती होतीच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. उंच, सडसडीत, कपाळावर ठसठशीत गोंदण, आणि आवाज असा की मशीन चालू असतानाही शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. मिलमध्ये तूर भरडून, सोलून डाळ झाली की ती या शेडमध्ये येई. बायका ओळीने मांडी घालून बसत, सुपात डाळ घेत आणि तिच्यातले खडे, न सोललेले दाणे, काळपट डाळ वेचून बाजूला टाकत. सगळ्या ओळींवर नजर ठेवणारी मुकादमीण म्हणजे झुंबरबाई. शेडमधल्या बायका तिला अक्का म्हणत. तिच्याहून वयाने मोठी असलेली इंदिराबाईसुद्धा अक्काच म्हणायची.

झुंबरबाईचं माहेर एरंडोलकडचं. लग्न होऊन जळगावात आली तेव्हा नवरा चुडामण मार्केट यार्डात हमाली करायचा. पोती उचलता उचलता एक दिवस त्याच्या पाठीत जी कळ भरली ती पुढे कधी गेलीच नाही. चुडामण मोठा गोड माणूस. घरात बसून पोरांना गोष्टी सांगायचा, भाकऱ्यासुद्धा थापायचा, आणि त्या बायकोच्या भाकऱ्यांपेक्षा बऱ्या व्हायच्या. पण गोष्टींनी घर चालत नाही. झुंबरबाईने पदर खोचला आणि मिलचा रस्ता धरला.

मिलमध्ये सगळं होतं. नवं मशीन होतं, मोठा वजनकाटा होता, शेठच्या गादीवर पंखा होता, भिंतीवर शेठच्या आईचा हार घातलेला फोटो होता. बायकांना जायला जागा तेवढी नव्हती. पुरुष मागच्या भिंतीकडे तोंड करून मोकळे होत. बायकांनी रस्ता ओलांडायचा, उभ्या ट्रकांच्या रांगेमागून जायचं आणि बाभळींत शिरायचं, तेही भर दिवसा. झुंबरबाई नवीन होती तेव्हा एकदा अशीच गेली, तर एका ट्रकचा क्लीनर शीळ घालत तिच्या मागोमाग आला. तिने दगड उचलला आणि त्याचं कपाळ फोडलं. ही गोष्ट मिलमधले लोक पुढे कितीतरी वर्षं हसून हसून सांगत. परत येताना तिचे पाय कसे लटपटत होते आणि त्या दिवशी सुपातली डाळ तिला दिसतच नव्हती, हे तिने चुडामणलासुद्धा सांगितलं नाही.

मुकादमीण झाली त्याच दिवशी तिने बायकांना समोर बसवलं. "आजपाइन पानी पेवानं नही," ती म्हणाली. "पानीच नही, ते मंग तठे जावानं कामच नही."

बायकांना हे पटलं. पटणारच. प्रत्येकीच्या पोटात त्या बाभळींची धास्ती होती. अक्काने कायदा केला आणि त्या धास्तीवर कुलूप घातलं. हळूहळू त्या कायद्याचा अभिमान वाटायला लागला. भर उन्हाळ्यात दिवसभर पाण्यावाचून बसायचं हे नव्या बाईला जमलं की जुन्या तिला आपल्यात घेत. शेजारच्या मिलचे मुकादम म्हणत, झुंबरबाईच्या बायका सकाळी बसल्या की संध्याकाळीच उठतात. शेठ पाहुण्यांना मुद्दाम शेडमध्ये आणून दाखवायचा, "बघा, एक तरी उठलेली दिसते का?" पाहुणे माना डोलवायचे. झुंबरबाई वर न बघता सूप पाखडत राहायची, पण छाती फुगायची.

बाकी जे व्हायचं ते घरी व्हायचं. कोणाला उन्हाळी लागायची, लघवीला आग आग व्हायची. कोणाचं दुपारी डोकं फुटायचं. कोणी तापाने दोन दिवस घरी राहायची. मग शेजारीण धन्याजिऱ्याचं पाणी द्यायची आणि बाईच्या जातीला हे असायचंच म्हणून सगळं पुन्हा सुरळीत व्हायचं. स्वतः अक्काच्या ओटीपोटात वर्षानुवर्षं कळ येत होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला भरपूर पाणी पीत जा म्हणून बजावलं, तेव्हा अक्का त्यांच्या तोंडावर हसली होती.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा तो उन्हाळा, आधीच्या सगळ्या उन्हाळ्यांपेक्षा कडक. मुंबईच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने गिरधरशेठचा ट्रकभर माल परत पाठवला. डाळीत खडे निघाले. शेठच्या डाळीची ख्यातीच मुळी हाताने निवडलेली डाळ म्हणून, आणि तीच तोंडावर फेकून मारलेली. महिन्याभरात पुन्हा एकदा तसंच झालं.

खडे राहत होते ते दुपारच्या मालात, हे शोधायला फार हुशारी लागली नाही. सकाळी निवडलेली डाळ लख्ख असायची. जेवणानंतरची डाळ उघडून बघावी तर खडा, काळा दाणा, पुन्हा खडा. दुपारचा ढीग दुसऱ्या दिवशी सकाळी परत निवडायला घ्यावा लागे, आणि त्यात नवा माल मागे पडे. शेठने आपल्या रीतीप्रमाणे कायदे बदलायला सुरुवात केली. जेवून बायका सुस्तावतात म्हणून जेवणाची सुट्टी कमी केली. गप्पा मारतात म्हणून ओळी लांब लांब बसवल्या. मग दंड लावला. अक्काने आपल्या परीने शिव्या वाढवल्या. दुपारचे खडे काही कमी झाले नाहीत.

शेवटी शेठने अक्काला गादीवर बोलावलं. त्याच मुंबईच्या व्यापाऱ्याने आणखी एक संधी दिली होती. मोठा सौदा होता, आणि त्याचा दलाल स्वतः येऊन माल तपासून मगच गाडी भरू देणार होता.

"हा माल नापास झाला तर मी शेड बंद करणार," शेठ म्हणाला. तो ओरडत नव्हता, आणि त्याचीच अक्काला भीती वाटली. "निवडायचं काम ठेकेदाराला देईन. तो खेड्यापाड्यात पोती वाटेल, बायका घरी बसून निवडतील. इतक्या वर्षांचा तुझा मान आहे, म्हणून आधी सांगतो."

अक्का शेडमध्ये परत आली आणि ओळींकडे बघत उभी राहिली. इंदिराबाईला मागे-पुढे कोणी नव्हतं. कुंदाबाईचा नवरा दारूत बुडालेला. कोपऱ्यात साबेरा बसलेली, अंगावर पिणारं लेकरू घरी सासूजवळ ठेवून आलेली. आणि अक्काच्या घरी चुडामण. शेड बंद झाली की यातली एकही चूल धड पेटणार नव्हती. तिने बायकांना सगळं सांगितलं. कोणी रडलं नाही. सगळ्या माना खाली घालून हात भराभर चालवायला लागल्या. दुपारी खडे राहिले ते राहिलेच.

त्यातच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली.

खानदेशात आखाजीला बाई कामावर नसते. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, सांजोऱ्या होतात, घराघरात पाण्याने भरलेली घागर पुजून पितरांच्या नावाने पाणी देतात. शेतातल्या सालदाराचंसुद्धा वर्ष त्या दिवशी संपतं आणि तो मोकळा होतो. पण सौद्याची मुदत जवळ आली होती, म्हणून शेठने त्या वर्षी आखाजीलाही काम ठेवलं. बायका आल्या. घागरी पहाटेच पुजून आल्या, नव्या बांगड्या घालून आल्या, आणि तोंडं फुगवून आल्या.

शेठलाही मनातून ते टोचत असावं. त्याने त्याच सकाळी मिलच्या फाटकाशी आईच्या नावाने पाणपोई सुरू करायचं ठरवलं होतं. मांडव घातला, नवे रांजण वाळूत बसवले, पाण्यात वाळा टाकला. आजूबाजूचे मिलवाले, दोन व्यापारी, भटजी असे लोक जमले. शेठची बायको सुनंदाबाई स्वतः पाणी द्यायला उभी राहिली.

"पहिलं पाणी आपल्या शेडमधल्या बायकांना," शेठने सगळ्यांसमोर सांगितलं. "आईला कष्टाची माणसं प्यारी होती."

बोलता बोलता त्याने रांजणांना हात जोडले. माणूस तापट होता, पण आईवरचं त्याचं प्रेम खोटं नव्हतं.

बायका रांगेत आल्या. सर्वांत पुढे अक्का. सुनंदाबाईंनी तिच्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला. वाळ्याचा वास नाकात शिरला आणि अक्काची जीभ टाळूला चिकटली. पण अजून आख्खा दिवस जायचा होता, आणि मागे सगळी रांग तिच्याकडे बघत होती. घोटभर प्यायला काय हरकत होती, असं घरात पंख्याखाली बसून म्हणता येतं. त्या उन्हात पहिला घोट घेतला की माणूस रांजण संपवतो, हे त्या रांगेतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. अक्काने पेला कपाळाला लावला, नमस्कार केला आणि तसाच भरलेला परत ठेवला.

मागून इंदिराबाईने तेच केलं. मग कुंदाबाईने. एकेक पेला कपाळाला लागत होता आणि परत फळीवर येत होता. फळी भरत चालली. भटजी इकडे तिकडे बघायला लागले. आखाजीच्या दिवशी, मेलेल्या आईच्या नावाचं पाणी, आणि आपल्याच मिलच्या बायका ते नाकारतात. शेठचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला.

रांगेत शेवटची साबेरा होती. तिने पेला घेतला, घटाघटा प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि दुसरा मागितला.

"एका तरी पोरीला रीत कळते," शेठ म्हणाला. मग अक्काकडे वळला. "आखाजीला कामावर बोलावलं म्हणून राग काढता का? दंडाचा राग असेल तर माझ्यावर काढा. माझ्या आईवर काढायचा नाही."

अक्काचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती साबेराकडे बघत होती. साबेराचं घर मिलला लागूनच, भिंतीपलीकडच्या गल्लीत. दुपारच्या सुट्टीत ती लेकराला पाजायला घरी पळायची. तिथे पाणी प्यायची, तिथेच जाऊन यायची. अक्काला ते माहीत होतं आणि ती काणाडोळा करायची, कारण लेकुरवाळीला पाण्यावाचून कसं ठेवणार. पण आता तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही आलं. दुपारचा माल परत निवडायला घेतला की ती प्रत्येकीला शिव्या घालायची. साबेराला कधी घातल्या नव्हत्या. साबेराचा दुपारचा ढीग सकाळच्या ढिगासारखाच लख्ख असायचा. पोरीची नजर कोवळी आहे, म्हणून अक्काने तो विषय तिथेच सोडला होता.

  ज्या कायद्याचा एवढा तोरा मिरवला, तोच शेडच्या मुळावर आला होता.

"शेठ," ती म्हणाली, "राग नही. आखाजीना बी नही आन दंडाना बी नही. पानी पिसूत ते मंग जासूत कोठे?"

"कुठे जायचं म्हणजे?" शेठला कळलंच नाही.

सुनंदाबाईंना कळलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. पण एवढ्या पुरुषांसमोर पुढचं बोलायचं ते अक्कालाच होतं. बायका जमिनीकडे बघत होत्या. असलं कोणी चारचौघांत बोलत नाही. आईशी, बहिणीशीसुद्धा आडून बोलतात. अक्काने एकदा भटजींकडे पाहिलं, एकदा व्यापाऱ्यांकडे पाहिलं, आणि बोलली.

"बाया बी मानसंच शेतस ना, शेठ? पानी पोटमा गयं म्हंजे जावानं लागसच. मिलमा जागा नही. बाभयीमा ट्रकवाला शेतस. म्हनीसन मी बायास्नं पानी तोडं. हाऊ कायदा मना शे, तुमना नही. आन चूक बी मनी शे. दुपारले डोकं फिरस, डोयासमोर अंधारी येस, मंग खडा कसा दिसी? साबेरा घर जाइसन पानी पिस, तिना सूपमा खडा नही ऱ्हास. माले हाई आते समजनं."

 एक व्यापारी घसा खाकरून रस्त्याकडे बघायला लागला.

शेठ गडबडला होता, आणि गडबडला की तो हिशेबाकडे वळायचा. "म्हणजे आता संडास बांधू? आणि बायकांनी काम सोडून उठावं? एक उठली की दहा उठतील. मुदत डोक्यावर आलीय."

"उठतील," अक्का आता शहरी बोलीत आली, म्हणजे ती भांडायला तयार झाली होती. "आत्ता बसून तरी काय करतात? एकच डाळ दोनदा निवडतात. तुम्ही शेड बंद करणारच आहात ना? मग एवढं करून बघा. माल नापास झाला तर मी पहिली जाईन, आणि तुमच्या फाटकाशी पुन्हा उभी राहणार नाही."

शेठ काही बोलणार, तेवढ्यात सुनंदाबाई म्हणाल्या, "इकडे रस्त्यावरच्या माणसांना पाणी पाजतोय आपण, आणि घरातल्यांना जायला जागा नाही. आज बांधायला घ्या." त्या सहसा मिलच्या कामात बोलत नसत. शेठने नूर महंमदला हाक मारली.

नूर महंमद मिलचा जुना मिस्त्री. पट्टा तुटो, मशीन अडो, भिंत खचो, सगळ्याला तोच. आवारात मोकळी जागा एकच उरली होती, वजनकाट्याच्या पलीकडे, पार टोकाला. तिथे त्याने विटांच्या भिंती उभ्या केल्या, पत्रा टाकला, आतून चांगली भक्कम कडी लावली आणि बाहेर पाण्याचं पिंप ठेवलं. शेडमध्ये दोन माठ आले. चांगलं टमरेलसुद्धा आलं.

सगळं झालं आणि कोणी उठेना.

वाट कुठून जात होती बघा. शेडमधून निघायचं, आवार ओलांडायचं, हमालांच्या समोरून, शेठच्या गादीच्या खिडकीसमोरून, काट्यावर उभ्या असलेल्या माणसांमधून, तेही हातात टमरेल घेऊन. म्हणजे कुठे चाललोय हे गावाला ओरडून सांगितल्यासारखंच. माठ सकाळी भरला तसाच दुपारपर्यंत भरलेला राहिला. अक्का म्हणाली, प्या. बायका म्हणाल्या, हो अक्का, आणि हलल्या नाहीत. तिनेच इतकी वर्षं घोटून घेतलेला कायदा होता, तिच्याच एका शब्दाने थोडाच जाणार?

दुसऱ्या दिवशी, ऐन कामाच्या वेळी, अक्का उठली. माठापाशी गेली. ओगराळ्याने पाणी काढून सगळ्यांसमोर पेलाभर प्यायली, मग आणखी पेलाभर. शेडमधली सुपं थांबली. अक्का पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली आणि वाट बघत राहिली. थोड्या वेळाने तिने टमरेल उचललं. पदराखाली घेतलं नाही. हातात धरलं, लोटा घेऊन देवळात जावं तसं, आणि निघाली.

हमाल पोती घेऊन चालले होते, ते थबकले. लोटन नावाच्या हमालाने तोंड उघडलं, पण अक्काने नुसतं पाहिल्यावर मिटलं. गादीच्या खिडकीत शेठ होता, त्याने घाईने मान फिरवून आईच्या फोटोकडे बघायला सुरुवात केली. काट्यावरची माणसं बाजूला सरली. अक्काचे पाय एकदाही लटपटले नाहीत. ती सावकाश चालली, पत्र्याच्या दारापाशी पोचली, आत गेली, आणि कडी लावल्याचा आवाज सगळ्या आवाराला ऐकू गेला.

परत आली तेव्हा सगळी शेड दाराशी गोळा झाली होती.

"काय देखतस?" अक्का म्हणाली. "तुमले जावानं नही का?"

इंदिराबाईने तिच्या हातातलं टमरेल घेतलं. त्यानंतर कुंदाबाई. मग नंबर लागले. साबेरा हसत म्हणाली, "अक्का, अब मैं भी इधरच जाऊंगी, घर तक कौन भागे." त्या दुपारी शेठच्या खिडकीसमोरून इतक्या बायका गेल्या आल्या की शेठने शेवटी खिडकीला पडदा लावून घेतला. एक उठली की दहा उठतील हे त्याचं म्हणणं अगदी खरं ठरलं.

पण संध्याकाळी ढीग तपासायची वेळ आली, तेव्हा शेठ स्वतः शेडमध्ये वाकून बसला आणि मुठीमुठीने डाळ बघायला लागला. सकाळचा ढीग कोणता आणि दुपारचा कोणता, हे त्याला ओळखता येईना. दुसऱ्या दिवशी परत निवडायला काही उरलंच नाही. बायका सकाळपासून नव्या मालाला भिडल्या. उठण्यात वेळ जात होता, हे खरंच. पण एकच डाळ दोनदा निवडण्यात जो वेळ जायचा, त्याच्यापुढे तो काहीच नव्हता. मागे पडलेला माल हळूहळू वाटेवर आला.

आणि पाणी पोटात गेल्यावर बायकांच्या तोंडातून शब्दही बाहेर यायला लागले. इतकी वर्षं तहान सांगायची सोय नव्हती, तर बाकीचं कोण सांगणार? आता कोणी म्हणाली, पश्चिमेकडून ऊन थेट डोळ्यांत येतं. नूर महंमदने तिकडच्या खिडक्यांना गोणपाटं टांगली आणि दुपारी ती भिजवायला लागला. कोणी म्हणाली, मांडी घालून घालून गुडघे धरतात. त्याने फळ्यांचे बुटके पाट ठोकून दिले. तापाने घरी राहणाऱ्या बायका कमी झाल्या. कुंदाबाई दुपारच्या वेळी आखाजीची गाणी म्हणायला लागली, तेव्हा शेठ दाराशी येऊन उभा राहिला. आता हा गप्पांचा कायदा काढणार, असं सगळ्यांना वाटलं. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि निघून गेला. अक्काच्या ओटीपोटातली कळसुद्धा पुढे कमी झाली, पण ते तिच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले, कारण तिचं सगळं लक्ष मुंबईच्या दलालाकडे लागलं होतं.

दलाल आला तो दुपारी. पांढरे कपडे, तोंडात पान, आणि चेहऱ्यावर असा भाव की मला फसवायचा प्रयत्न करू नका. त्याने खालच्या थरातली पोती ओढून काढायला लावली. लोखंडी नळी पोत्यात खुपसून डाळ काढली, पांढऱ्या कापडावर पसरली आणि बोटाने दाणा दाणा सरकवायला लागला. एक पोतं झालं. दुसरं झालं. दुपारच्या मालात खडे निघतात हे त्याच्या कानावर आलं होतं; तो शेठला म्हणाला, "हे सकाळचं दिसतंय. दुपारचं काढा."

"दुपारचंच आहे," शेठ म्हणाला.

दलालाचा विश्वास बसला नाही. त्याने स्वतः जाऊन पोती निवडली. नळी पुन्हा पुन्हा आत गेली. शेडमध्ये बायकांचे हात चालू होते, पण कान आवाराकडे लागले होते. आवारातून काही आवाज येत नव्हता, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. शेवटी दलालाने कापड झटकलं, हात पुसले आणि पान थुंकून आला.

"शेठ, असा माल मी या मोसमात पाहिला नाही," तो म्हणाला. "गाडी भरा. आणि पुढचा सौदाही आमचाच धरा. कोणाच्या हाताखालचं काम आहे हे? जरा भेटू द्या."

शेठने लोटनला शेडमध्ये पिटाळलं. लोटन गेला तसाच परत आला. चेहरा लाल, नजर जमिनीवर.

"अक्का... तिकडं गेल्यात," त्याने काट्याच्या पलीकडे मोघम हात केला.

"कुठे?" दलालाने विचारलं.

एरवी पाहुण्यांना बोलावून, एक तरी उठलेली दिसते का, म्हणून विचारणारा गिरधरशेठ शांतपणे खुर्चीत टेकला. त्याने दलालालाही खुर्ची दिली.

"येईल," तो म्हणाला. "बसा. घाई काय आहे?"

दोघे बसून राहिले. अक्का आली ती सावकाश, हात धुऊन, पदराला पुसत. दलालाला पाहून तिने पदर सारखा केला. शेठकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडातून एकच शब्द निघाला.

"शेड?"

"शेड कशाला बंद होते?" शेठ म्हणाला. "माल पास झाला, झुंबरबाई. पुढचा सौदाही मिळाला. आता आहेत त्या बायका पुरायच्या नाहीत. तुझ्या ओळखीच्या आणखी आहेत का कोणी?"

शेडच्या दारातून कोणीतरी हुंदका दिला. इंदिराबाई असावी. अक्काचेही डोळे भरून आले होते, पण मुंबईच्या माणसासमोर ती रडणार नव्हती. तिने नाक ओढलं आणि कंबरेवर हात ठेवला.

"शेतस ना," ती म्हणाली. "पन पहिले आखो एक संडास बांधा, शेठ. मंग त्या बायास्ले लई येसू."

शेठने नूर महंमदला हाक मारली.